कॅमेलिऑन पाळायचाय? आधी खोलीतली रात्र मोजा

पिंजरा बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘सगळ्यात सोपा कॅमेलिऑन कोणता?’ ह्या रंग बदलणाऱ्या सरड्यांत सोपा कुठलाच नाही. कमी अवघड जाती दोन, व्हेल्ड आणि पँथर. आम्ही जाळीचे पिंजरे आणि दिवे विकतो, प्राणी विकत नाही, म्हणून हे मोकळेपणानं सांगता येतं.

व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदी अरेबियातला. दिवसाची ऊब, रात्रीचा गारवा दोन्ही सोसतो, किड्यांबरोबर पानंही चघळतो. पण नवख्यानं मादी घेऊ नये. नर जवळपास नसला तरी ती अंडी घालते, एका खेपेला कधी पन्नासच्या वर. उकरायला ओलसर वाळूचा खोल डबा नसेल तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. खाणं जास्त झालं की अंडीही वाढतात. इथे लाडच नडतात. नर घ्या. तो चिडका असतो, हात पुढे केला की फुसफुसतो, तेवढं चालवून घ्या.

पँथर मादागास्करच्या दमट किनारपट्टीचा, त्यामुळे मुंबई-कोकणात त्यातल्या त्यात रुळतो. मे महिन्यात खोली तापू देऊ नका, एवढंच.

तीन शिंगांचा जॅक्सन फोटोत बघून लोक हरखतात. तो केनिया-टांझानियाच्या उंच डोंगरांतला, रात्री पारा पंधराच्या आसपास उतरायला हवा. मुंबईत मे महिन्याच्या रात्री तो सत्तावीसच्या खाली यायला मागत नाही. ‘एसी लावू की!’ लावाल, पण एसी हवा कोरडी करतो आणि ह्याला दमटपणाही हवा. पार्सन जातीचा तर विषयच सोडा. त्याची अंडी उबायलाच वर्षाहून अधिक लागतं.

पाण्याचं दुखणं मात्र सगळ्यांचं एकच. वाटीत साठलेलं पाणी तो सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. सकाळी बारीक फवारा मारा आणि घाई करू नका. एक डोळा तुमच्यावर, दुसरा थेंबावर, असा तो बराच वेळ नुसता बसून राहतो. मग कुठे जीभ बाहेर येते. तोवर तुम्ही फवारा ठेवून ऑफिसला निघालेले असता. विष्ठेतला पांढरा भाग केशरी दिसू लागला, की पाणी कमी पडतंय.

खिडकीतलं ऊन पुरेल, असं समजू नका. हाडांना लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतच अडतात, म्हणून यूव्हीबीचा दिवा लागतो. तो उजेड देत राहिला तरी त्यातलं यूव्हीबी आधी संपतं, तेव्हा वर्षभरात दिव्याची नळी बदला. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरा.

एक गृहस्थ शेतात सापडलेला घोयरा, म्हणजे आपल्याकडचा देशी कॅमेलिऑन, बुटाच्या खोक्यातून घेऊन आले होते. आम्ही पिंजरा दिला नाही. घोयरा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. जिथून आणला त्याच झाडावर सोडा, असं सांगून परत पाठवलं. परदेशी कॅमेलिऑनचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तिथूनच मागे फिरा.

आमच्याकडे येण्याआधी किमान-कमाल तापमापक आणून आठवडाभर रात्रीचा आकडा लिहून ठेवा. तो कागद बघूनच पिंजऱ्याचं माप सांगू.