स्क्लेरोडर्मा: कातडी मऊ पडली, पण श्रेय कुणाचं?

इटलीत, नेपल्समध्ये कार्लो कुर्झिओ नावाच्या डॉक्टरांकडे १७ वर्षांची एक मुलगी आली. मान, कपाळ, चेहरा सगळं लाकडासारखं ताठ झालेलं, तोंड नीट उघडेना. त्यांनी तिला कोमट दुधाने आंघोळ घातली, वाफ दिली, रक्त काढलं, थोडा पाराही पोटात दिला. काही महिन्यांनी कातडी मऊ पडली. १७५३ साली छापलेली ही हकिगत स्क्लेरोडर्माची, म्हणजे कातडी जाड आणि ताठ करणाऱ्या आजाराची, पहिली तपशीलवार नोंद म्हणून सांगितली जाते. ती मुलगी इतकी बरी झाली, म्हणून तिचा आजार बहुधा दुसराच असावा, अशी शंका नंतरच्या अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. पण ‘उपचार केले आणि कातडी मऊ पडली’ या गोष्टीने पुढेही डॉक्टरांना बरंच चकवलं.

थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग लाल पडतात, हे लक्षण मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये पॅरिसच्या प्रबंधात मांडलं. स्क्लेरोडर्माच्या बहुतेक रुग्णांत ते असतं, अनेकदा सगळ्यात आधी. तरीही हा आजार कितीतरी काळ कातडीचाच समजला गेला. अन्ननलिका, फुफ्फुसं, हृदय, किडनी यांतही कातडी ताठ करणारे तेच घट्ट तंतू साचतात, म्हणून हा सबंध शरीराचा आजार म्हणावा, असं रॉबर्ट गोएत्झ यांनी १९४५ मध्ये सुचवलं.

१९८८ पासून त्याचे दोन मुख्य प्रकार मानतात. मर्यादित प्रकारात बोटं, हात आणि चेहरा आखडतो, आजार सावकाश चालतो. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब मात्र कित्येक वर्षांनी वाढू शकतो. पसरणाऱ्या प्रकारात दंड, मांड्या, छाती-पोटही ताठ होतं, आणि खरी खोच इथेच आहे. साधारण पहिली एक ते तीन वर्षं कातडी जाड होत जाते, मग पुष्कळ रुग्णांत ती आपोआप सैल होऊ लागते. डॉक्टर शरीरावर १७ ठिकाणी कातडी चिमटीत धरून पाहतात आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. बेरीज जास्तीत जास्त ५१. हा आकडा उतरला की चालू असलेलं औषध लागू पडलं, असं वाटणारच. पेनिसिलामाइनचं असंच झालं. वर्षानुवर्षं ते दिलं गेलं, आणि १९९९ च्या चाचणीत मोठा डोस आणि अगदी किरकोळ डोस यांत काहीच फरक निघाला नाही.

निःसंशय यश मिळालं ते किडनीत. ब्लडप्रेशर एकाएकी चढून किडनी बंद पडली की पूर्वी रुग्ण बहुधा हातचा जायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल हे ब्लडप्रेशर उतरवणारं औषध आलं. १९९० च्या एका अहवालात या गटातली औषधं मिळालेल्यांपैकी ७६ टक्के रुग्ण वर्षभरानंतर जिवंत होते, न मिळालेल्यांपैकी १५ टक्के. डायलिसिसवर गेलेले काहीजण तर काही महिन्यांनी त्यातून बाहेरही आले. आणि इतर अनेक आजारांत हक्काने दिले जाणारे स्टिरॉइड इथे मोठ्या डोसात दिले, तर हाच किडनीचा धोका वाढतो.

किडनीमुळे होणारे मृत्यू घटले, तसं मृत्यूचं कारण म्हणून फुफ्फुस पुढे आलं. प्रतिकारयंत्रणा दाबणाऱ्या सायक्लोफॉस्फामाइडचा फुफ्फुसाला थोडा पण खरा फायदा २००६ च्या चाचणीत दिसला. २०१६ मध्ये तशाच प्रकारचं मायकोफेनोलेट त्याच्या बरोबरीचं, पण सोसायला सोपं ठरलं. २०१९ मध्ये अमेरिकेत निंटेडानिब या तंतू साचणं रोखणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली. त्याने फुफ्फुसाची घसरण मंदावते, गेलेली क्षमता परत येत नाही. कातडीवर तर त्याचा फरक दिसलाच नाही.

सगळ्यात आक्रमक उपाय म्हणजे रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, जबर औषधांनी प्रतिकारयंत्रणा मोडायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत हा उपाय मिळालेल्या गटातले ७९ पैकी ८ जण पहिल्याच वर्षात उपचारानेच दगावले. पुढच्या वर्षांत मात्र दुसऱ्या गटापेक्षा हाच गट जास्त जगला. म्हणून हा मार्ग आजार सुरुवातीच्या टप्प्यात असून वेगाने पसरणाऱ्या, हृदय धड असलेल्या निवडक रुग्णांनाच सुचवतात.