‘किलिंग वीरप्पन’मागचं रान आणि त्यातली गावं

१ जानेवारी २०१६ ला रामगोपाल वर्मांचा ‘किलिंग वीरप्पन’ प्रदर्शित झाला. त्यात चंदनतस्कर वीरप्पनच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी रंगवलाय शिवराजकुमार यांनी. त्यांच्याच वडिलांना, कन्नड सिनेमाचे नायक डॉ. राजकुमार यांना, ३० जुलै २००० च्या रात्री वीरप्पनने गाजनूरच्या घरातून उचलून नेलं होतं. १०८ दिवस ते रानात होते. हे माहीत असलं की पडद्यावरचा तो चेहरा वेगळाच दिसतो.

हा माणूस इतकी वर्षं सापडला कसा नाही? कर्नाटक आणि तमिळनाडूची हद्द या डोंगराळ रानातूनच जाते. एका बाजूचे पोलीस मागे लागले की पलीकडे उतरायचं. आधी हस्तिदंताची तस्करी, मग चंदनाची. १९९३ च्या एप्रिलमध्ये पालारजवळ त्याच्या टोळीने सुरुंग लावून पोलीस, वनरक्षक आणि खबरे मिळून २२ जणांना उडवलं.

मला मात्र या सगळ्यात पी. श्रीनिवास आठवतात. वनाधिकारी. वीरप्पनच्या गोपिनाथम गावातच त्यांनी लोकांसाठी कामं केली, मारिअम्मनचं देऊळ बांधलं. शरण येतो असं सांगून वीरप्पनने त्यांना १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये बोलावलं आणि शिर कापलं. गावाने त्यांचा फोटो देवळात ठेवलाय.

खरा मार बसला तो गावांनाच. वीरप्पनला खबऱ्यांचा संशय, पोलिसांना त्याच्या माणसांचा. २० जून १९९२ ला चंदनाच्या शोधात वनखातं, पोलीस आणि महसूलची माणसं तमिळनाडूतल्या वाचाथी या आदिवासी गावात शिरली. घरं लुटली, १८ बायकांवर बलात्कार झाले. खटल्यातले २६९ आरोपी सगळे सरकारी नोकर. निकाल लागेपर्यंत त्यातले ५४ वारले होते. उरलेले सगळे २०११ मध्ये दोषी ठरले. मले महादेश्वर डोंगरावरच्या पोलीस तळावर चौकशीला नेलेल्यांना विजेचे झटके दिल्याच्या तक्रारी पोलिसी अत्याचारांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती सदाशिव समितीपुढे आल्या.

१८ ऑक्टोबर २००४ ला, डोळ्यांच्या उपचारासाठी म्हणून वीरप्पन धर्मपुरी जिल्ह्यात ॲम्ब्युलन्समध्ये बसला. गाडी पोलिसांचीच होती. तिथेच तो मारला गेला. मिशा कापलेल्या त्या मृतदेहाचा फोटो देशभर छापून आला. त्याला मारल्याबद्दल त्याच्या मागावरच्या विशेष कृती दलाच्या जवानांना बक्षिसं मिळाली. मारहाण सोसलेल्या गावकऱ्यांना भरपाई मिळायला २००७ उजाडलं.