सेवाभिमुख संरचनेतील डेटा व सेवांचे एकात्मीकरण

मोठ्या संस्थेत वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या तंत्रांवर उभ्या राहिलेल्या संगणकप्रणालींची कामे ठरलेल्या कराराने वापरता येतील अशा ‘सेवा’ म्हणून खुली करणे आणि त्यांच्यामार्फत माहितीची देवाणघेवाण घडवणे, ही पद्धत. एका प्रणालीने दुसरीच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, जे हवे ते तिच्या सेवेकडे मागायचे, हे तिचे मूळ सूत्र. दहा प्रणाली एकमेकींना सुट्या सुट्या जोडायच्या तर ४५ जोडण्या लागतात, मध्ये सामाईक माध्यम ठेवले की दहाच पुरतात, असा हिशोब नेहमी मांडला जातो. तो खरा आहे, पण सगळ्या प्रणालींनी संदेशाचे एकच रूप मान्य केले असेल तरच.

संज्ञेचा उगम : ‘सेवाभिमुख संरचना’ ही संज्ञा सामान्यतः गार्टनर या संशोधनसंस्थेचे रॉय शुल्टे व येफिम नाटिस यांच्या १९९६ मधील टिपणांकडे नेली जाते. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. दूरच्या संगणकावरील वस्तूंना हाक मारण्याचे कोर्बा हे मानक १९९१ चे, तर संदेश रांगेत ठेवून खात्रीने पोचवणारे आयबीएमचे एमक्यूसिरीज १९९३ चे. या दोहोंना पूर्वज मानायचे की सख्खे भाऊ, यावर एकमत नाही. माहिती खुणांच्या चौकटीत मजकूर म्हणून लिहिण्याचे एक्सएमएल १९९८ मध्ये मानक झाले. सेवांमधील संदेश एक्सएमएलमध्ये बांधण्याचा नियमसंच असलेल्या सोपची १.१ आवृत्ती २००० मध्ये आणि सेवेचा करार लिहिण्याची डब्ल्यूएसडीएल ही भाषा २००१ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे टिपण म्हणून सादर झाली. आज या संज्ञेने जे सुचते ते प्रामुख्याने या मालिकेतून घडले. त्यामुळे शब्द १९९६ चा आणि रूढ अर्थ २००० नंतरचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. (सोप हे मुळात आद्याक्षरांचे लघुरूप. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ते नुसते नाव उरले.)

वर सांगितलेल्या सामाईक माध्यमाला ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ (पुढे नुसते ‘बस’) म्हणतात. या संज्ञेबाबत वाद अधिक आहे. तिचे श्रेय बहुधा २००२ च्या सुमारास शुल्टे यांनाच दिले जाते, तर तिच्या प्रसारात सोनिक सॉफ्टवेअर ही कंपनी आघाडीवर होती. कँडल कंपनीचे रोमा हे नव्वदच्या दशकाच्या अखेरचे उत्पादन तिचा थेट पूर्वज असल्याचेही म्हटले जाते. बस ही विकत घ्यायची वस्तू की रचनेची एक रीत, हा प्रश्न विक्रेत्यांनी सोयीस्करपणे धूसर ठेवला. येथे दुसरा अर्थ धरला आहे.

कार्यपद्धती : प्रत्येक प्रणालीपाशी एक अ‍ॅडॅप्टर असतो. तो तिची भाषा सामाईक संदेशात आणतो, मग बस आशय पाहून संदेश योग्य ठिकाणी धाडते. वाहतुकीचा हा भाग लवकर जमतो, अडते ते अर्थावर. जुन्या मेनफ्रेममधील (मोठ्या मध्यवर्ती संगणकावरील) कोबोल या जुन्या व्यावसायिक संगणकभाषेच्या नोंदीत ग्राहक क्रमांक आठ स्थानांचा मजकूर म्हणून ‘०००४१७५२’ असा असतो. मधल्या रूपांतरात कोणी त्याला संख्या मानले की पुढे ‘४१७५२’ जाते. तुलना जुळत नाही आणि तोच ग्राहक नव्याने नोंदला जातो. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. महिनाअखेरीस थकबाकी दोन खात्यांत विभागलेली दिसते, तेव्हा शोध सुरू होतो. त्याहून अवघड प्रश्न ‘ग्राहक’ म्हणजे कोण हा. विक्री विभागाला चौकशी करणाराही ग्राहक वाटतो, तर लेखा विभागाला बिल निघालेलाच. यावर तोडगा म्हणून प्रमाण डेटा-प्रारूप, म्हणजे सर्वांसाठी नोंदीचा एकच ठरलेला साचा, आखतात. मात्र सर्वांना खूश करताना त्यात ऐच्छिक रकाने वाढत जातात आणि शेवटी कोणालाच ते पुरते लागू पडत नाही.

नेटवर्क तुटल्यास संदेश पुन्हा पाठवला जातो, म्हणून तीच विनंती दोनदा आली तरी परिणाम एकदाच घडेल अशी सेवा लिहावी लागते. अनेक प्रणालींवरचा व्यवहार द्विटप्पी कमिटने (आधी सर्वांची तयारी विचारून मग एकदम पक्के करण्याच्या रीतीने) बांधता येतो, पण सगळे होईपर्यंत नोंदी कुलूपबंद राहतात. त्याऐवजी टप्प्याटप्प्याने काम करून बिघडल्यास उलट नोंदी करणारी ‘सागा’ पद्धत अधिक चालते. हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनी ती १९८७ मध्ये मांडली, तीही एकाच डेटाबेसमधील दीर्घ व्यवहारांसाठी. अहवालासारख्या वाचनप्रधान कामाला दर वेळी सेवा विचारणे परवडत नाही. तेथे डेटाची प्रत काढून ठेवतात, मग ती किती शिळी चालेल हे ठरवावे लागते.

उत्तरकाल : सेवांची सार्वत्रिक सूची म्हणून गाजावाजा झालेल्या यूडीडीआयच्या सार्वजनिक नोंदवह्या आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व सॅप यांनी २००६ च्या आरंभी बंद केल्या. जानेवारी २००९ मध्ये विश्लेषक अ‍ॅन थॉमस मेन्स यांनी ही संरचना ‘मृत’ घोषित केली. त्यांचा रोख नावाभोवतीच्या बाजारावर होता, सेवा या कल्पनेवर नव्हे. २०१४ मध्ये जेम्स लुइस व मार्टिन फाउलर यांच्या लेखाने रूढ झालेल्या मायक्रोसर्व्हिसेसनी, म्हणजे लहान, स्वतंत्र सेवांच्या रचनेने, बसमधील हुशारी काढून ती सेवांच्या टोकांकडे नेली. ग्राहक क्रमांकाची डावीकडची शून्ये तेथेही सांभाळावीच लागतात.