‘ध’चा ‘मा’ : माहुलीपासून सांगलीपर्यंत

सांगलीत कोर्टाच्या आवारात, तलाठ्याच्या चावडीवर किंवा सोसायटीच्या सभेत एक वाक्य सहज कानावर पडतं : “त्यानं तिथं ‘ध’चा ‘मा’ केला की!” वाटणीपत्रात एखादा शब्द फिरला, ठरावात आयत्या वेळी काही घुसडलं गेलं, की हेच तोंडी येतं. मागची गोष्टही सगळ्यांना माहीत असते. रघुनाथराव ऊर्फ राघोबाची बायको आनंदीबाई हिनं हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं आणि पुतण्या नारायणराव पेशव्यांचा जीव गेला. शाळेपासून आपण ती एवढीच ऐकत आलो. पण तेवढ्यावर थांबलं की या प्रकरणातली सगळ्यात काळी जागा नजरेआड राहते.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं गेले. अखेरच्या दिवसांत त्यांनी धाकट्या भावाचा हात काकांच्या हातात दिला, असं सांगतात. नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. काका रघुनाथराव काही ऐरागैरा माणूस नव्हता. १७५८ साली त्याच्या फौजा लाहोरात शिरल्या होत्या, आणि १७६३ मध्ये राक्षसभुवनला तो पुतण्याच्या बाजूनं निजामाशी लढला. पण पेशवाई आपल्याला मिळायला हवी होती, ही सल त्याच्या मनातून कधी गेली नाही. १७६८ ला धोडपजवळ माधवरावांनी त्याचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. शूर माणूस, रिकामा वेळ आणि जुनी सल. पुढचं सगळं यातून उगवलं.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. थकलेल्या पगारासाठी गारदी, म्हणजे पेशव्यांच्या नोकरीतले भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले, असं वरवरचं कारण. सुमेरसिंग त्यांच्या पुढे होता. नारायणराव धावत काकांकडे गेले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. “काका, मला वाचवा” ही हाक मराठी माणसाच्या कानात अजून आहे. चाफाजी टिळेकरानं धन्याला वाचवायला स्वतःचं अंग मध्ये घातलं, तोही कापला गेला. नारायणरावांना नुकतं अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं.

यानंतर साताऱ्याचा माणूस पुढे येतो.

रामशास्त्री प्रभुणे मूळचे क्षेत्र माहुलीचे. साताऱ्याहून पूर्वेला निघालं की थोड्याच अंतरावर कृष्णा आणि वेण्णेचा संगम लागतो, तेच हे माहुली. वडिलांचं छत्र लहानपणीच गेलेलं. पोरगा साताऱ्यातल्या एका सावकाराकडे कामाला राहिला, मोठेपणी काशीला जाऊन शिकला आणि पुढे पुण्यात मुख्य न्यायाधीश झाला. खुनानंतर रघुनाथरावानं कारभार हाती घेतला. त्याचा दत्तक मुलगा अमृतराव साताऱ्याला जाऊन छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं घेऊन आला. वस्त्रं आली म्हणताच बहुतेकांची तोंडं बंद झाली. शास्त्रीबुवा मात्र शांतपणे चौकशी करत राहिले. गारद्यांना दिलेला कागद त्यांनी मिळवला आणि मग थेट पेशव्यासमोर उभे राहिले.

रघुनाथरावानं कबूल केलं की पुतण्याला धरायचा हुकूम आपण दिला होता, मारायचा दिला नव्हता. आता प्रायश्चित्त काय, असं त्यानं विचारलं. देहान्त, रामशास्त्र्यांनी सांगितलं. एवढं पाप दुसऱ्या कशानं धुतलं जाणार नाही. आणि तुम्ही कारभारात आहात तोवर मी पुण्यात पाऊल टाकणार नाही. ते पुणं सोडून वाईजवळच्या पांडववाडीत जाऊन राहिले. राघोबाची सत्ता गेल्यानंतर, १७७७ मध्ये नाना फडणविसांनी बोलावलं, तेव्हाच ते न्यायासनावर परतले.

हा प्रसंग इतक्या तपशिलानं आपल्यापर्यंत आला त्यात आणखी एका सातारकराचा वाटा आहे, जन्मानं नव्हे तर नोकरीनं. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कॅप्टन जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आला. १८२२ पर्यंत तो तिथं होता. दफ्तरं चाळायची, जुन्या लोकांना विचारायचं, टिपणं काढायची, हे काम त्यानं त्या काळात केलं. १८२६ मध्ये लंडनला त्याचा मराठ्यांचा इतिहास छापून आला. रामशास्त्र्यांचा जाब आणि एका शब्दाचा बदल, दोन्ही त्यात आहे. याच राघोबानं १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांना घरात घेतलं होतं, आणि बुडालेल्या पेशवाईचा शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव हा राघोबा-आनंदीबाईंचाच मुलगा. हे लक्षात ठेवून डफ वाचला की पोटात कालवतं.

आता नदीबरोबर खाली सांगलीला येऊ. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पटवर्धन राजांपुढे सीतास्वयंवराचा खेळ केला, त्या ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो. त्या खेळांत दुष्टपणा ओळखायला सोपा असायचा. राक्षस पार्टी रंगवलेल्या तोंडानं, आरोळ्या ठोकत यायची आणि शेवटी मारली जायची. दुष्ट म्हणजे कोणीतरी दुसरा, बाहेरून आलेला. जवळच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये शेक्सपियरच्या ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ लिहिलं. आता राक्षसाला आरोळी ठोकावी लागेना. तो मित्र म्हणून जवळ बसू लागला आणि नवऱ्याच्या कानात बायकोबद्दल हळूच एक शब्द टाकू लागला.

मग खाडिलकर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले, पुढे टिळकांबरोबर ‘केसरी’त गेले. याच खुनावरचं त्यांचं ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीनं रंगमंचावर आणलं. सुरतेला काँग्रेस फुटून दोन वर्षंही झाली नव्हती आणि टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. घरातली फूट आणि तिचा फायदा घेणारा परका, हा विषय त्या प्रेक्षकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण माझ्या मते नाटकाची ताकद त्या रूपकात कमी आहे, राघोबात जास्त आहे. खाडिलकरांचा राघोबा डळमळतो. त्याला गादी हवी आहे आणि हात स्वच्छही हवे आहेत. शेजारी आनंदीबाई आहे, जिला एकच गोष्ट हवी आहे. शेक्सपियरचा मॅकबेथ आणि त्याची बायको या जोडीमागे दिसतात, हे उघड आहे, पण बोली, वाडा आणि भाऊबंदकी सगळी आपली आहे.

आणि इथंच म्हणीबद्दल माझी तक्रार आहे. ‘ध’चा ‘मा’ म्हणताना आपण सगळं पाप एका बाईच्या लेखणीवर टाकतो. तिनं अक्षर बदललं ही गोष्ट परंपरेनं चालत आली. तो कागद आज कोणी आपल्यापुढे ठेवू शकत नाही. उलट ‘धरावे’ हा शब्द राघोबानं स्वतः कबूल केला होता. पगारासाठी पेटलेल्या, नंग्या तलवारींच्या गारद्यांना आपल्या सख्ख्या पुतण्यावर सोडणाऱ्यानं ‘धरावे’ लिहिलं काय नि ‘मारावे’ लिहिलं काय? नुसतं धरायचं आहे, असं म्हणत माणूस किती दूर चालत जातो, हे तिथं दिसतं. आपल्यापैकी जो कोणी भावाला नुसता धडा शिकवायला निघाला असेल, त्याला हा रस्ता ओळखीचा वाटेल.

माहुलीच्या शास्त्र्यासमोर आरोपीनं फक्त ‘ध’ कबूल केला होता. देहान्त सांगायला त्यांना तेवढा पुरला.