लिंबूपाण्याने रक्त अल्कलाइन होतं का?

"रोज सकाळी लिंबूपाणी प्या, रक्त अल्कलाइन होतं, आजार जवळ येत नाहीत" हा मेसेज घरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण पट्टीने लघवी तपासली तर पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (जितका जास्त तितकं अल्कलाइन, आम्लाच्या उलट), खरंच वाढलेला दिसू शकतो.

पण लघवी म्हणजे रक्त नव्हे. बायोकेमिस्ट्रीच्या सुरुवातीलाच बफर, म्हणजे पीएच फारसा बदलू न देणारं मिश्रण, शिकवतात ना, उत्तर तिथेच आहे. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मधेच राहतो, बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा रक्तातला घटक) बफर तो सांभाळतो, कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात आणि जास्तीचं आम्ल किंवा बायकार्बोनेट किडनी लघवीत सोडते, म्हणजे लघवीचा पीएच बदलला तो रक्ताचा बदलू नये म्हणूनच. आणि रक्त 7.45 च्या वर गेलं तर त्याला अल्कलोसिस म्हणतात, तो बिघाड आहे, फायदा नाही. लिंबूपाणी आवडतं म्हणून खुशाल प्या, व्हिटॅमिन सी मिळतंच.

रक्ताचा पीएच काढायचं गणित स्वतः करून बघा. रक्तातलं बायकार्बोनेट 24 (मिलिमोल प्रति लिटर), कार्बन डायऑक्साइडचा दाब 40 (मिमी पारा), या दाबाला 0.03 ने (तो वायू रक्तात किती विरघळतो त्याचा आकडा) गुणलं की 1.2. 24 भागिले 1.2 म्हणजे 20, त्याचा लॉग 1.3, त्यात पीकेए (या बफरचा ठरलेला आकडा) 6.1 मिळवा, 7.4 येतो. या समीकरणात बायकार्बोनेट किडनीच्या हातात, दाब फुप्फुसांच्या, लिंबाला जागाच नाही.