घटनेत नसलेला शब्द : खाजगीपणाच्या हक्काची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या गावांत ब्रिटिश अमलात रामोशी, मांग समाजाच्या माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नसे. गुन्हेगार जमाती कायद्याला जात पुरे होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पोलिसांनी कुणाच्या घरात, कधी आणि कशासाठी शिरायचं, हा प्रश्न मात्र राहिला. खाजगीपणाच्या हक्काचा इतिहास याच उंबऱ्यावर सुरू होतो.

१९०० मध्ये साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालेल्या बाबासाहेबांनी १९४७ च्या घटनाविषयक निवेदनात अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण मूलभूत हक्क म्हणून मागितलं होतं. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. फौजदारी संहितेत हे आहेच, पण उद्याच्या विधिमंडळाला ते काढून टाकता येऊ नये, म्हणून घटनेत असावं, असं बाबासाहेबांचं म्हणणं. तरीही दुरुस्ती पडली.

ती चूक महागात पडली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ८ न्यायमूर्तींनी म्हटलं, खाजगीपणा जपणारी अमेरिकेसारखी तरतूद आपल्या घटनेत नाही, मग ती ओढूनताणून आणायची कशी? १९६२ मध्ये खरक सिंग खटला आला. हा माणूस दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचं दार वाजवत. ६ न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण बहुमताने खाजगीपणाचा हक्क नाकारला. न्या. सुब्बा राव यांचं खाजगीपणाच्या बाजूचं विरोधी मत आज वाचलं तरी तेच पटतं.

पुढे १९७५ चा गोविंद खटला आणि १९९६ चा फोन टॅपिंगचा निकाल यांनी हा हक्क मानला. पण ती पीठं लहान होती, आणि लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल मोडता येत नाही. आधारच्या खटल्यात सरकारने नेमका हाच मुद्दा धरला. म्हणून ९ न्यायमूर्ती बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी याच, म्हणजे पुट्टस्वामी खटल्यात त्यांनी एकमताने सांगितलं, की हा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच आहे. त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा.

घरझडतीचे नियम मात्र आजही साध्या कायद्यातच आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र पंच लागतात, चित्रीकरण करावं लागतं, आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत घरातल्या माणसाला द्यावी लागते. ती मागून घ्यावी.