घोडी म्हणायची की तट्टू?

आमच्या मामाकडं वरातीची पांढरी घोडी आहे, वणीच्या बाजूला लग्नाच्या सीझनमध्ये तिला एक दिवस सुट्टी नसते. मागच्या वर्षी तिचा विमा काढायचा म्हणून फॉर्म आणला तर त्यात एक रकाना निघाला, घोडा / तट्टू, एकावर टिक करा. मामा म्हणे, "काहून, घोडी आहे ना बाप्पा, दिसून नाही राहिली का?" फॉर्म भरणारा पोट्टा म्हणे उंची सांगा, मग ठरवू.

मग मोजली. पहिल्यांदा खळ्यात मोजली तर 54 इंच. मग कोणीतरी म्हणालं की अशी नसते मोजत, जमीन सपाट पाहिजे, नाल काढलेली पाहिजे, आणि माप डोक्यापर्यंत नाही घ्यायचं, मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत घ्यायचं. नालबंद त्या आठवड्यात येणारच होता, त्यानं नाल काढल्यावर समाजमंदिरासमोरच्या सिमेंटवर उभी केली, पाठीवर मिस्त्रीची लेव्हलपट्टी आडवी धरली, तर भरली 53 इंच. एक इंच खळ्यानं आणि नालांनीच वाढवला होता. हा एक इंच आपल्याला किरकोळ वाटते, पण जगात याच्यावरून भांडणं झालेली आहेत.

घोड्याची उंची जुन्या इंग्रजी पद्धतीत 'हँड'मध्ये मोजतात. नाव हात असलं तरी आपला दीड फुटाचा हात तो नाही, तळव्याची आडवी रुंदी म्हणजे एक हँड, आणि सोळाव्या शतकात आठव्या हेन्री राजाच्या कायद्यानं ती 4 इंचावर पक्की केली. त्याला लढाईसाठी मोठे घोडे पाहिजे होते, म्हणून 1540 च्या कायद्यात 15 हँडपेक्षा कमी उंचीचे नर घोडे सामाईक कुरणात चरायला सोडायला बंदी घातली. म्हणजे उंचीची रेघ पहिल्यांदा ओढली ती बुटक्यांना वंश वाढवू द्यायचा नाही म्हणून. आता बहुतेक ठिकाणी चालते ती 14.2 ची रेघ, त्याच्या आत पोनी, म्हणजे फॉर्मातलं तट्टू, आणि वर गेला की घोडा. हा पॉइंट फसवा आहे, 14.2 म्हणजे 14 हँड आणि वर 2 इंच, एकूण 58 इंच. आमच्या पोट्ट्यानं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 53 ला 4 नं भागलं आणि 13.25 लिहून मोकळा झाला, खरं उत्तर 13.1. आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेणारी एफईआय सेंटिमीटरवर चालते, बिननालीचा 148 आणि नालेसकट 149 पर्यंत पोनी.

आपल्याकडं 'तट्टू' हा शब्द मात्र उंचीवरून आलेला नाही, दर्जावरून आलेला आहे. अकबराच्या काळच्या आइन-ई-अकबरीत घोड्यांचे सात वर्ग दिलेत, अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी, जंगला, आणि देशी घोड्यांमधला सगळ्यात खालचा माल म्हणजे तट्टू. घोडा कोणत्या वर्गात बसला त्यावर स्वाराचे पैसे ठरायचे, म्हणून घोड्याला डाग द्यायचे आणि स्वाराचं वर्णन कागदावर उतरवायचे, नाहीतर हजेरीला चांगला घोडा दाखवून नंतर भलताच उभा करायचे. म्हणजे ही नोंद होती ती चोरी पकडायला. आणि गंमत म्हणजे त्याच खालच्या मालावर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला. आपल्या नागपूरकर भोसल्यांचे स्वार 1740 च्या दशकात बंगालपर्यंत गेले, तिथं बारगीरचं 'बर्गी' झालं आणि लेकरांना झोपवायच्या गाण्यात जाऊन बसलं. तट्टू म्हणून हिणवणाऱ्यानं हे आठवावं.

ब्रिटनमध्ये पोनीच्या आईबापांची नोंद ठेवणारी वही, म्हणजे स्टडबुक, निघाली ती कोळशामुळं. 1842 च्या कायद्यानं बायांना आणि 10 वर्षांखालच्या पोरांना खाणीत उतरवायला बंदी झाली, मग ठेंगण्या बोगद्यात गाडे ओढायला शेटलंड बेटावरची बुटकी पोनी खपायला लागली. चांगले नर तिकडं जायला लागले आणि वंश बिघडायची भीती आली, शेवटी 1890 मध्ये शेटलंडची स्टडबुक सोसायटी निघाली, कमाल उंची 42 इंच. त्याहून बारीक अमेरिकेतला मिनिएचर हॉर्स, त्यांची 1978 ची संस्था 34 इंचाच्या वर नोंदच ठेवत नाही, आणि माप घेते आयाळीचा शेवटचा केस जिथं संपते तिथून. कमरेएवढं जनावर, पण नाव हॉर्स! आइसलँडचे घोडेही बहुतेक 14.2 च्या आतच असतात, तरी त्यांना पोनी म्हटलेलं चालत नाही. उलट पोलोत उंचीची मर्यादा कधीच गेली, तरी 15 हँडच्या जनावराला पोलो पोनीच म्हणतात. म्हणजे रेघ एक आणि वही दुसरी, दोघींचं जमतेच असं नाही.

भारतात जातीची नोंद कर्नालची पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करते. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया, कच्छी-सिंधी, आणि अलीकडं आपली भीमथडी. पण ही नोंद जातीची, तुमच्या दारातल्या जनावराची नाही, एकेका जनावराचे आईबाप लिहिणारी वही म्हणजे स्टडबुक, ती वेगळी, रेसच्या घोड्यांची पुण्यात असते. त्यामुळं 'भीमथडी' म्हणून विकलं म्हणजे कागद मिळाला असं समजू नये.

आमच्या भागातले लोक नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत घोडं घ्यायला जातात तेव्हा टेप कोणाच्या खिशात नसतो. आधी भोवरे पाहतात, गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेलं पंचकल्याण आहे का, मग तोंड उघडून दात, मग चार पावलं चालवून पाहतात. मामानं ही घोडी तशीच घेतली होती, आईबाप कोण ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं.

2019 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टू एकाच रकान्यात मोजलेत, देशभरात मिळून 3.4 लाख, 2012 च्या निम्म्यापेक्षा थोडे जास्त. विम्याच्या फॉर्मवाल्याला मी हे दाखवलं, तो म्हणे सरकारचं सरकारकडं, माझ्या फॉर्मवर टिक पाहिजे. 13.1 म्हणून तट्टूवर टिक केली. मामा दोन दिवस बोलला नाही.